गच्चीवर माती नेण्याआधी

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत घरं बांधणं आणि बांधलेली दुरुस्त करणं हा माझा धंदा. अलीकडे बांधून घेणारे एक नवी मागणी घेऊन येतात : गच्चीवर बाग हवी. कुणी बोर्डीला पर्यटकांसाठी खोल्या काढल्यात, कुणी मुंबईहून निवृत्त होऊन डहाणूला आलंय, कुणाच्या मुलीने मोबाईलवर परदेशातली हिरवी छतं पाहिलीत. त्या चित्रांत गवत असतं, फुलं असतात. छताखालचा बीम मात्र कधी दिसत नाही.

मागणी गैर नाही. मे महिन्यात वरच्या मजल्यावर रात्र काढलेल्या कुणालाही ती पटेल. पण तिचा हिशेब मुंबई-पुण्यासारखा इथे मांडता येत नाही. इथली जमीन हलते. इथे चार महिने पाऊस कोसळतो आणि आठ महिने पाण्याची ओढ असते. किनाऱ्याची हवा खारी आहे. आणि इथल्या बऱ्याच घरांना अजून अंगण आहे. या चार गोष्टी धरून कामं करताना जे कळलं, ते क्रमाने सांगतो.

१. पहिला हिशेब किलोत करा, रुपयांत नंतर

हजार चौरस फूट गच्चीवर चार इंच बागेची माती पसरली आणि ती पावसाने भिजली, की तिचं वजन सोळा टनांच्या घरात जातं. म्हणजे चौरस मीटरला साधारण पावणेदोनशे किलो. आपल्या आयएस ८७५ या मानकात, माणसांचा वावर असलेल्या सपाट छतावर वापराचा भार चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास धरतात. वावर नसेल तर त्याच्या निम्मा. चार इंच ओली मातीच हे सगळं खाऊन टाकते. त्यावर चालणारी माणसं, पाण्याची टाकी आणि कुंड्या अजून वेगळ्याच राहिल्या.

दुसरं, आपल्याकडची गच्ची रिकामी कधीच नसते. गळती थांबवायला तिच्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, घातलेला असतो. चार इंचांचा कोबा म्हणजे पुन्हा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आगेमागे. जुन्या इमारतींत तर गळलं की आधीचा कोबा न फोडता त्यावरच दुसरा घालण्याची पद्धत पडली आहे. वरून नुसती फरशी दिसते, पण स्लॅबने आपला हिस्सा केव्हाच उचललेला असतो.

मोठ्या संस्थांकडूनही हे निसटतं. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी लॅटव्हियाची राजधानी रीगा इथे एका सुपरमार्केटचं छत कोसळून ५४ माणसं गेली. त्या छतावर बाग करण्याचं काम चालू होतं, माती आणि फरसबंदीचं सामान वर चढवलेलं होतं. छताच्या सांगाड्याच्या आखणीतच दोष होता, आणि वरच्या वजनाने तो उघडा पडला. २० मे २०१६ रोजी हाँगकाँगमधल्या एका विद्यापीठाच्या क्रीडागृहाचं छत खाली आलं; त्यावर नंतर हिरवा थर घातलेला होता. तेव्हा जुन्या इमारतीची बाग करायला कुणी बोलावलं, तर मी आधी नकाशा मागतो : स्लॅबची जाडी, सळयांची मांडणी, बीम कुठे आहेत. नकाशा नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी. तिची फी ऐकून लोक कुरकुरतात, पण बागेवर होणाऱ्या खर्चातला सर्वांत सत्कारणी लागणारा पैसा तोच.

२. जमीन हलते तिथे माती आडवीही ढकलते

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीचं नाव तेव्हा राज्यभर झालं. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. भिंतींना भेगा गेल्या, माणसं थंडीत तंबूंमध्ये आणि उघड्यावर झोपली. धक्के मध्यम होते, पण पुन्हा पुन्हा येत होते. आज उघडलेली भेग उद्या थोडी वाढायची.

डोक्यावर भरलेला हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला कुणी धक्का दिला, तर मोकळ्या हातांनी उभ्या असलेलीपेक्षा तिचा तोल लवकर जातो. इमारतीचं तसंच आहे. भूकंपाचा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात लागतो, आणि वस्तुमान जितकं उंचावर, तितका भिंतींवर आणि खांबांवर ताण जास्त. सोळा टनांच्या दहाव्या भागाइतका आडवा जोर धरला, तरी दीड टनांहून जास्त ढकल छताच्या पातळीवर वाढते.

यात एक बारकावा आहे. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकात छतावरचा वापराचा भार हिशेबातून सोडण्याची मुभा आहे. गच्चीवर बारशाला जमलेली माणसं धक्क्याच्या क्षणी तिथे असतीलच असं नाही, म्हणून. माती मात्र बारा महिने चोवीस तास वरच असते. ती इमारतीच्या स्वतःच्या वजनात पूर्ण धरावी लागते. ‘गच्चीवर दोनशे माणसं जेवून गेली, काही झालं नाही, मातीने काय होणार?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच असतं.

धक्क्यांनंतर घरं पाहत फिरताना सगळ्यात जास्त काळजी विटांच्या नाहीतर सिमेंट ब्लॉकच्या, पण काँक्रीटचा पट्टा नसलेल्या भिंतींची वाटायची. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे आडवे पट्टे सलग फिरवलेले असतील, तर चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. पट्टे नसलेल्या घरावर कुंडीसुद्धा चढवू नये. पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवायची आपल्याकडे सवय आहे. तेही काढून पत्रा हुकांनी आणि बोल्टनी आवळायला हवा. कठड्यावर ओळीने मांडलेल्या कुंड्यांचंही तेच. त्यांची जागा खाली, जमिनीवर.

३. जुन्या छतांनी हा हिशेब आधीच मांडून ठेवलाय

मातीचं छत महाराष्ट्राला नवीन नाही. मराठवाडा-सोलापूरकडच्या माळवदांवर पिढ्यान्‌पिढ्या पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा. तिकडे पाऊस कमी आणि ऊन कडक, त्यामुळे खाली गारवा छान राहायचा. पण गळू नये म्हणून दर काही वर्षांनी थरावर थर चढत गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा जाड दगडी भिंती आणि त्यांवरची ही माती झोपलेल्या माणसांवर आली. मृतांचा आकडा हजारोंत गेला. गारव्यासाठी घातलेली माती आणि भिंतींची पकड यांचा मेळ नसेल तर काय होतं, ते आपण एकदा पाहिलेलं आहे.

आपल्या बाजूचं वारली घर याच्या अगदी उलट. कारवीचे कूड, त्यांना माती-शेणाचा लेप, लाकडी मेढी, वर पेंढा नाहीतर गवत. पावसाआधी घर शाकारायचं, कुजलेला थर काढून नवा घालायचा. सगळं छतच हलकं, आणि भिंत लवचिक. धक्क्यात असं घर हलतं, लेपाला भेगा जातात, पण ओझं अंगावर कोसळत नाही. पेंढ्यात अडकलेली हवा उन्हाची झळही अडवते. त्याला आग लागायची भीती असते, दर वर्षी मजुरी लागते, आणि चांगलं गवत-कारवी आता सहज मिळत नाही. म्हणून लोक कौलांकडे, मग पत्र्यांकडे आणि घरकुलाच्या स्लॅबकडे गेले. त्यांना मी नावं ठेवणार नाही. दर वर्षी शाकारणी करणाऱ्यालाच तिचे कष्ट ठाऊक. पण पत्रा आला आणि घर तापू लागलं, हेही तितकंच खरं. हिरव्या छताची गरज खरी कुणाला असेल, तर ती या पत्र्याखाली राहणाऱ्यांना. आणि मातीचं ओझं पेलणार नाही तेही त्यांच्याच घराला.

४. वेल जमिनीत, सावली छतावर

या कोड्याचं उत्तर पाड्यांवर आधीपासून आहे. पावसाळ्यात घराच्या कडेला आळं करून भोपळा, दुधी, शिराळं, काकडी लावतात आणि वेल छपरावर चढवतात. मुळं जमिनीत, माती जमिनीत, पाणी जमिनीत. छतावर येतं ते फक्त पानांचं आणि फळांचं वजन. खर्च म्हणजे बियाणं, काठ्या आणि सुतळी.

मी यात थोडाच बदल सुचवतो. वेल थेट पत्र्यावर लोळवू नये. पत्रा तापला की कोवळी पानं करपतात, आणि पावसात पानांखाली ओल धरून पत्रा गंजतो. पत्र्यापासून हात-दीड हात उंच बांबूचा किंवा जीआय तारेचा मांडव करावा, त्याचे खांब भिंतीवर न टेकवता स्वतंत्र जमिनीत पुरावेत. पत्रा आणि मांडव यांच्यामधून वारा खेळता राहिला, की अर्धं काम झालं. पश्चिमेच्या भिंतीलाही असाच मांडव केला तर दुपारनंतरचं तिरपं ऊन अडतं. ती भिंत छताइतकीच तापत असते.

अडचणी आहेत. वेल ऐन मे महिन्यात, जेव्हा सावली हवी, तेव्हा नसतो, कारण त्याला पाणी लागतं. म्हणून दोन-तीन वेल बारमाही निवडावेत : कृष्णकमळ, मधुमालती, तोंडली. भांडी घासलेलं, आंघोळीचं पाणी त्यांच्या मुळाशी वळवलं तर ते तग धरतात. ढोबळी मिरची घेणाऱ्यांकडे इथे शेडनेटचे जुने तुकडे पडून असतात. वेल वाढेपर्यंत मांडवावर ते ताणावेत. आणि गर्द वेलात साप येऊ शकतो, त्यामुळे तो दारा-खिडक्यांपासून दूर ठेवावा, खालचा पाला झाडून घ्यावा.

५. खरं हिरवं छत बांधायचं, तर थर चुकवू नका

मजबूत आरसीसी इमारत असेल, इंजिनिअरने भार मंजूर केला असेल, तर पुढचं सांगतो. स्लॅबवर आधी जलरोधक थर. त्यावर मुळं अडवणारा जाड थर. त्यावर पाणी वाहून नेणारी, खळगे असलेली प्लास्टिकची पत्री. त्यावर जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. आणि मग माती. यांतला कुठलाही थर वाचवला तर दोन पावसाळ्यांनंतर सगळं उकरावं लागतं, आणि उकरण्याचा खर्च घालण्यापेक्षा जास्त येतो.

मातीही शेतातली उचलून आणायची नाही. आपली काळी चिकण माती ओली झाली की जड आणि घट्ट, वाळली की तडकते. कोकोपीट, गांडूळखत, भाताचं तूस, विटांचा चुरा अशा मिश्रणाचं ओलं वजन साध्या मातीच्या निम्म्या-पाऊण भागावर आणता येतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघराचा ओला कचरा आणि पालापाचोळा तिथेच कुजवून भाज्या, फळझाडं उभी केली. त्यामागे श्रीपाद दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’तला विचार होता : माती विकत आणण्यापेक्षा पाल्यातून घडवायची. डहाणूत तर चिकूच्या वाडीतला पाला ढिगांनी मिळतो. असं मिश्रण हलकं असतं, पण ते कुजत जाऊन दर वर्षी खाली बसतं. भर घालत राहावी लागते, हे आधी सांगितलेलं बरं.

सगळी गच्ची झाकायचीच असं नाही. बीमच्या आणि खांबांच्या रेषेवर वाफे, मधला भाग मोकळा, अशी मांडणी केली तर स्लॅबला सोसतं आणि गळती शोधायलाही सोपं जातं. उचलता येणारे ट्रे किंवा ग्रो-बॅग सर्वांत सोयीच्या. जिथे ओल दिसेल तिथल्या बाजूला करायच्या आणि दुरुस्ती करायची.

६. खाऱ्या हवेत गळती दुप्पट महाग पडते

किनाऱ्याजवळच्या डहाणू, बोर्डी, चिंचणीसारख्या गावांत गळतीचा अर्थ नुसता भिंतीला पडलेला डाग एवढाच नसतो. खारट ओल सळईपर्यंत पोचली की सळई गंजते, गंजून फुगते, आणि खालचं प्लास्टर पोपडे धरून पडतं. घरमालक प्लास्टर नवं करून घेतो, रंग देतो. सळई आत बारीक होत राहते. वर मातीचा थर असेल तर गळती कुठे आहे तेच कळत नाही, कारण पाणी एकीकडे शिरतं आणि दुसरीकडे टपकतं.

म्हणून माती टाकण्याआधी गच्चीची पाण्याची चाचणी घ्यायची : सगळ्या पाईपांची तोंडं बंद करून दोन-तीन इंच पाणी दोन-तीन दिवस साठवायचं आणि खालून छत पाहायचं. कठडा आणि स्लॅब मिळतात तिथला सांधा, पाईप बाहेर पडतो ती जागा, टाकीचे खांब, इथेच बहुतेक गळती असते. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळ-वडाचं रोप अशा फटीत उगवतं. बोटभर असताना उपटलं तर हातानेच निघतं, वर्षभर राहिलं तर छिन्नी-हातोडा आणावा लागतो. हिरव्या गच्चीवर असं रोप इतर हिरव्यात लपून जातं, म्हणून कठड्याच्या कडेने हातभर पट्टा गोट्यांचा, झाडांविना ठेवावा.

७. आपला पाऊस छतात जिरत नाही

टोरांटो शहराने २००९ मध्ये मोठ्या नव्या इमारतींवर हिरवं छत सक्तीचं करणारा नियम केला. तिथे त्याचा एक मोठा फायदा पावसाच्या पाण्याचा : छत पाणी धरून ठेवतं, गटारांवरचा लोंढा कमी होतो. इथेही होईल, असं लोक गृहीत धरतात.

आपलं गणित निराळं आहे. चार इंचांचा चांगला थर फार तर तीस-चाळीस मिलिमीटर पाणी धरेल. जुलैत एका दिवसात शंभर-दीडशे मिलिमीटर पडतो, आणि थर आदल्या दिवसापासूनच भिजलेला असतो. म्हणजे जूनच्या पहिल्या सरी आणि परतीचा पाऊस सोडला, तर बाकीचं पाणी वाहून जाणारच. त्याला वाट देणं हे पहिलं काम. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक किलो. पाल्याने पाईप तुंबला आणि गच्चीत चार इंच पाणी साचलं, की शंभर किलो आणखी चढले, तेही भिजलेल्या मातीच्या वर. म्हणून पाईप एकाऐवजी दोन, त्यांच्या तोंडाशी जाळीची पेटी, आणि कठड्यात थोड्या उंचीवर जादा पाणी बाहेर टाकणारं भोक. पेटी मेअखेरीस आणि पावसाळ्यात दर आठवड्याला साफ करायची.

त्याच पाण्याचा खरा उपयोग साठवणुकीत आहे. हजार चौरस फूट स्वच्छ छतावर वर्षाला दोन मीटर पाऊस धरला, तर एक लाख ऐंशी हजार लिटरांहून जास्त पाणी पडतं. तलासरीच्या ज्या पाड्यांवर एप्रिलपासून विहिरी तळ गाठतात, तिथे छतावर माती घालण्यापेक्षा छताला पन्हळ आणि खाली टाकी बांधलेली केव्हाही जास्त उपयोगाची. मातीतून गाळून आलेलं पाणी पिवळसर येतं, ते प्यायला चालत नाही. बाग की पाणी, हे घराने आधी ठरवायचं.

८. आठ महिने काय जगणार, ते पाहून लावा

परदेशी हिरव्या छतांवर सेडम नावाची मांसल पानांची झुडपं असतात. कोरड्या थंड हवेत ती टिकतात, आपल्या जुलैच्या ओलीत कुजतात. इथे मला दोन वाटा दिसल्या.

एक, पावसाळी छत. जूनमध्ये अळू, माठ, अंबाडी, भेंडी, काकडी. ऑक्टोबरनंतर मेथी-कोथिंबीर आणि जानेवारीत बंद. उन्हाळ्यात वाफ्यांवर पाल्याचं आच्छादन टाकून ते कोरडे सोडायचे. आपल्या डोंगरांचा क्रम हाच आहे, छताने वेगळं वागावं असा हट्ट नको. पेंढ्याचं जाड आच्छादन मात्र टाळावं, कोरडं झालं की एका ठिणगीचं काम. दुसरी वाट म्हणजे कमी पाण्यावर जगणारी झाडं : ऑफिस टाइम, घोळ, कोरफड, पानओवा, गवती चहा. दिसायला साधी, पण पाण्याचा टँकर मागवायची पाळी आणत नाहीत.

रोपांबद्दल, खतांबद्दल शंका असेल तर कोसबाड टेकडीवरचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. बांधकामवाल्याला झाडांचं विचारू नये, आणि रोपवाटिकेवाल्याला स्लॅबचं.

९. गारवा किती, कुणाला, आणि त्याच पैशात दुसरं काय

उन्हात काँक्रीटचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या पुढे सहज जातो आणि ती उष्णता रात्रभर खोलीत सोडत राहतो. हिरवा थर ऊन स्लॅबपर्यंत पोचूच देत नाही, आणि हा फायदा खरा आहे. पण किनाऱ्याच्या दमट हवेत पानांतून होणारं बाष्पीभवन मंद असतं, त्यामुळे काम मुख्यतः सावलीच करते. मग प्रश्न येतो, सावली स्वस्तात कशी मिळेल?

चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात हा सर्वांत स्वस्त उपाय. वजन नाही, एका दिवसाचं काम, मात्र पावसाने आणि धुळीने तो मळतो. चुना दर उन्हाळ्याआधी नव्याने द्यावा लागतो. दुसरा दावेदार सौर पॅनेल. त्यांच्या सांगाड्यासह वजन चौरस मीटरला वीस किलोंच्या आसपास, सावली पडते ती वेगळीच, आणि वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. घरमालकाच्या बागेला असं अनुदान मिळालेलं माझ्या एकाही कामात आलेलं नाही. रुपयांतच बोलायचं तर गच्चीचा मोक्याचा भाग पॅनेलला आणि उरलेल्या कडा बागेला, ही वाटणी बहुतेक घरांना परवडते.

फायदा कुणाला, हेही पाहा. एकमजली घराचा सगळा संसार छताखालीच असतो, त्यामुळे गारवा सगळ्यांना. चार मजली सोसायटीत तो फक्त सर्वांत वरच्या मजल्याला, आणि वर्गणी सगळ्यांची. अशा सोसायटीत बागेपेक्षा भांडणं लवकर उगवतात. आधी ठराव, मग माती.

१०. वर कोण चढणार, त्याचं नाव ठरवा

स्टेशनजवळच्या एका इमारतीत उत्साहाने केलेली गच्ची तिसऱ्या वर्षी रानटी गवताने भरली, कारण सुरुवात करणारं कुटुंब वसईला राहायला गेलं. पावसाळ्यात ट्रेमधल्या पाण्यात डास, मेमध्ये वाळलेलं गवत, आणि मे-जूनमध्ये वारा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा चिकूची जुनी झाडं आडवी झाली, तिथे हलक्या ग्रो-बॅगचं काय घेऊन बसलात! वादळाची सूचना आली की कोण वर जाऊन बॅगा कठड्याच्या आडोशाला एकत्र बांधणार, हे आधी ठरलेलं हवं. माळी ठेवणार असाल तर त्याचा पगार खर्चात धरा. बागेच्या आयुष्यभराच्या खर्चात मातीचा वाटा लहान असतो, माणसाचा मोठा.

११. नव्या इमारतीत हे काम नकाशावरच करा

जुन्या छताला मजबूत करणं महाग, नव्या छतात तेवढीच ताकद घालणं त्यामानाने स्वस्त. बीम थोडा खोल, सळई थोडी जास्त, उतार नीट, पाईप जादा. एकूण बांधकामाच्या खर्चात ही वाढ लहान असते. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग हे सगळं याच पट्ट्यातून जातं. पुढच्या काही वर्षांत इथे इमारती उभ्या राहणार आहेत. शाळा, आश्रमशाळांची वसतिगृहं, दवाखाने यांच्या नकाशांत बाग पेलणारं छत आज मागितलं तर मिळेल. दहा वर्षांनी मागितलं तर मी पुन्हा नकाशा शोधत बसेन.

मात्र डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे. इथली हिरवळ जमिनीवर आहे : चिकूच्या वाड्या, जंगल, भातखाचरं. अंगणातला आंबा तोडून, तिथे पार्किंग करून, वर ग्रो-बॅगांची बाग मांडणाऱ्याने हिशेब उलटा केला. घराच्या पश्चिमेला वाढलेलं एक मोठं झाड भिंत आणि छत दोन्ही झाकतं, आणि त्याचं वजन कुठल्याच स्लॅबवर येत नाही.

तेव्हा कुणी विचारलं तर क्रम असा सांगतो. आधी छत गळतं का ते पाहा आणि भिंतींचे पट्टे तपासा. मग छत पांढरं करा. मग अंगणातून वेल चढवा, जागा असेल तिथे झाड लावा. मग पॅनेल आणि मोजके ट्रे. सगळ्यात शेवटी, इंजिनिअरची सही हातात आल्यावर, माती. बहुतेक घरमालक तिसऱ्या पायरीवरच थांबतात, कारण तोवर खोली पुरेशी गार झालेली असते आणि हजार चौरस फुटांच्या बागेचे पैसे खिशात राहिलेले असतात.